रोजच्या कथालेखनात खंड पडतो तेव्हा: ‘स्क्रिव्हनर’चे परीक्षण

रोज कथा लिहिण्याचा नेम एखाद्या दिवशी चुकला म्हणून फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते चार-पाच दिवसांनी पुन्हा लिहायला बसताना. घरातले आजारपण, कार्यालयातली महिनाअखेर, मुलांच्या परीक्षा, अचानक ठरलेला प्रवास, यांपैकी काहीही मधे आले की कादंबरीतली माणसे होती तिथेच थांबून राहतात. पण त्यांच्यापैकी कोणाला काय ठाऊक झाले आहे, कोण कोणावर रुसले आहे, निवेदन कोणाच्या नजरेतून चालले होते आणि पुढच्या परिच्छेदात आपण नेमके काय करणार होतो, हे सारे लेखकाच्या डोक्यातून निसटलेले असते. रोजनिशी लिहिणाऱ्याला ही अडचण येत नाही, कारण तिथे आजचे पान कालच्या पानावर अवलंबून नसते. कथेत मात्र आजचे प्रत्येक वाक्य आधी लिहिलेल्या सगळ्याला बांधलेले असते आणि ते बंध पुन्हा हाताशी आल्याशिवाय लेखणी पुढे सरकत नाही. म्हणून रोजच्या कथालेखनासाठी आपण जे साधन निवडतो, त्याची पारख नेम सुरळीत चालू असतानाच्या दिवसांवरून करू नये. खंडानंतरच्या पहिल्या बैठकीत ते किती उपयोगी पडते यावरून करावी, असे माझे ठाम मत आहे. ‘स्क्रिव्हनर’ या लेखनासाठीच्या सॉफ्टवेअरचे हे परीक्षण मी त्याच एका कसोटीवर केले आहे.

‘लिटरेचर अँड लाट्टे’ या ब्रिटिश कंपनीचे हे सॉफ्टवेअर कीथ ब्लाउंट यांनी स्वतःच्या लेखनाच्या गरजेतून तयार केले. मॅकसाठीची पहिली आवृत्ती २००७ मध्ये, विंडोजसाठीची २०११ मध्ये आणि आयफोन-आयपॅडसाठीची २०१६ मध्ये आली. संगणकावर आज वापरली जाणारी तिसरी मुख्य आवृत्ती मॅकवर २०१७ मध्ये आणि विंडोजवर २०२१ मध्ये उपलब्ध झाली. नेहमीच्या वर्ड प्रोसेसरमध्ये कादंबरी ही एकच लांबलचक फाइल असते. येथे ती हव्या तितक्या लहान तुकड्यांत लिहिता येते, एकेक प्रसंग वेगळा ठेवता येतो आणि हे सारे तुकडे डावीकडच्या ‘बाइंडर’ नावाच्या यादीत प्रकरणांच्या क्रमाने दिसतात. त्याच प्रकल्पात संदर्भाची चित्रे, पीडीएफ, पात्रांच्या नोंदी असे सगळे साहित्य मसुद्यापासून वेगळ्या कप्प्यात राहते. वैशिष्ट्यांची ही यादी कुठेही वाचायला मिळेल, त्यामुळे मी ती येथे लांबवत नाही.

खंडानंतर परतणाऱ्या लेखकाला पहिला आधार मिळतो तो या तुकड्यांमुळे. दोनशे पानांची सलग फाइल उघडली की माणूस नकळत पहिल्या पानापासून वाचू लागतो, वाचता वाचता दुरुस्त्या करू लागतो आणि हाताशी असलेला अर्धा तास जुन्या वाक्यांवर संपून जातो. स्क्रिव्हनरमध्ये प्रकल्प उघडला की आपण ज्या प्रसंगावर काम थांबवले होते तो प्रसंगच समोर येतो, आणि तो तीनचार पानांचाच असल्यामुळे पूर्ण वाचूनही बैठकीचा बराचसा वेळ शिल्लक राहतो. त्याआधीच्या प्रसंगांत काय घडले हे पाहायचे असेल तर ‘कॉर्कबोर्ड’वर प्रत्येक प्रसंगाचे एक कार्ड असते, त्यावर आपणच लिहिलेला दोन ओळींचा सारांश असतो. दहा-बारा कार्डे वाचून कथानकाचा धागा जितक्या लवकर हाती येतो, तितक्या लवकर तो मजकूर चाळून येत नाही. अर्थात ही कार्डे आपोआप भरली जात नाहीत. प्रसंग लिहून झाल्यावर सारांश लिहिण्याची शिस्त लेखकाने पाळली, तरच परत येण्याच्या दिवशी तिचा उपयोग होतो, आणि ज्यांना ही शिस्त जाचक वाटेल त्यांच्यासाठी कॉर्कबोर्ड ही केवळ एक देखणी भिंत राहील.

मला याहून अधिक मोलाची वाटते ती मजकुरातच टिपण लिहिण्याची सोय. ‘इनलाइन अॅनोटेशन’ वापरून आपण चालू परिच्छेदाच्या पुढे वेगळ्या रंगात काहीही लिहू शकतो आणि अंतिम हस्तलिखित तयार करताना हा सारा मजकूर वगळता येतो. बैठक संपवताना, किंवा ती मधेच मोडताना, पुढच्या दोन-तीन वाक्यांत काय येणार होते हे साध्या शब्दांत तिथेच लिहून ठेवावे: ती पत्र वाचणार आहे, पण मोठ्याने नाही, भावाला अजून काही माहीत नाही, प्रसंग जिन्यावर संपेल. विणकाम बाजूला ठेवताना टाके सुईवरच राहू द्यावेत, तसे हे आहे. दारावरची घंटा वाजल्यावर उठण्याआधी एवढे लिहायला एक मिनिट पुरते, आणि पाच दिवसांनी परतल्यावर तेच एक मिनिट अर्ध्या तासाचे काम करते. कागदावर लिहिणाऱ्यालाही हे करता येते, हे खरे. येथे फरक इतकाच की टिपण मजकुराच्या अगदी शेजारी असूनही त्यात मिसळून जात नाही, आणि असे राहून गेलेले धागे नंतर संपूर्ण प्रकल्पात शोधून काढता येतात.

आता उद्दिष्टांबद्दल, कारण रोजच्या लेखनाच्या संदर्भात या सॉफ्टवेअरची सर्वाधिक चर्चा त्यावरच होते. ‘प्रोजेक्ट टार्गेट्स’ या चौकटीत संपूर्ण मसुद्याची अपेक्षित शब्दसंख्या, तो पूर्ण करण्याची तारीख आणि आठवड्यातले कोणते वार लेखनाचे आहेत एवढे सांगितले की आजच्या बैठकीत किती शब्द लिहायचे याचा हिशोब सॉफ्टवेअर करून देते. लिहिता लिहिता एक पट्टी भरत जाते आणि तिचा रंग लालकडून हिरव्याकडे सरकतो. एखादा दिवस चुकला तर थकबाकी म्हणून तो दुसऱ्या दिवशीच्या माथी येत नाही. राहिलेले शब्द उरलेल्या सगळ्या लेखनदिवसांत वाटले जातात. या एका गोष्टीचा परिणाम किती मोठा आहे ते आकड्यांतून नीट कळते.

समजा, साठ हजार शब्दांची कादंबरी आहे आणि तिच्यासाठी १२० लेखनदिवस ठेवले आहेत. रोजचे उद्दिष्ट ५०० शब्दांचे झाले. चाळीस दिवसांत २०,००० शब्द लिहून झाल्यावर घरात आजारपण आले आणि सलग दहा लेखनदिवस बुडाले. परतल्यावर उरलेले ४०,००० शब्द ७० दिवसांत लिहायचे आहेत, म्हणजे रोजचे सुमारे ५७२. इतक्या मोठ्या खंडाची किंमत दिवसाला एका लहान परिच्छेदाइतकी आहे, हे डोळ्यांसमोर दिसते तेव्हा मनावरचे ओझे खरोखरच हलके होते. याउलट महिनाभरात कादंबरीचा खर्डा लिहिण्याच्या ‘नॅनोरायमो’ या १९९९ मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध उपक्रमाचे गणित पाहा. नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोजचे सुमारे १,६६७. तिथे दहा दिवस नेमाने लिहून पुढचे तीनच दिवस चुकले, तर उरलेल्या सतरा दिवसांत रोजचे १,९६० च्या घरात शब्द लिहावे लागतात, आणि नोकरी-संसार सांभाळून लिहिणाऱ्याच्या हातून नेमका हाच टप्पा सुटतो. तो उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवत असल्याचे जाहीर केले, तरी त्याने रुजवलेला १,६६७ हा आकडा अनेकांच्या मनात अजून प्रमाण म्हणून बसलेला आहे. ज्यांच्या दिवसांवर इतरांचा हक्क आहे त्यांनी तो मनातून काढून टाकावा आणि लांबची तारीख, लहान उद्दिष्ट अशी मांडणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. मर्यादाही सांगायला हवी: तारीख जवळ आलेली असताना खंड पडला तर स्क्रिव्हनरचाही आकडा अवाच्या सवा वाढतो. अशा वेळी त्या आकड्याशी झुंजत बसू नये, तारीख पुढे ढकलावी. ती बदलणे दोन क्लिकचे काम आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडूनच लिहिली जातात, त्यामुळे तेवढाच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत मोजला जातो. इंग्रजी लेखकांसाठी ठरलेले रोजचे आकडे जसेच्या तसे उचलले तर मराठी लेखक त्याच आकड्यासाठी अधिक काम करत असतो, आणि आपण मागे पडतो आहोत अशी खंत त्याला विनाकारण लागून राहते. ३०० ते ४०० मराठी शब्द ही रोजच्या बैठकीसाठी चांगली, भरीव मजल आहे.

उद्दिष्टांच्या पर्यायांत दोन बाबी सुरुवातीलाच लावून घ्याव्यात. मजकूर खोडल्यावर दिवसाची शब्दसंख्या शून्याच्याही खाली जाऊ द्यायची की नाही हे ठरवता येते. पहिल्या खर्ड्याच्या काळात ती जाऊ देऊ नये, म्हणजे काटछाटीत गेलेला दिवस उणे आकड्याने संपत नाही. दुसरी बाब, दिवसाचा आकडा किती वाजता शून्यावर यावा याची. रात्री घर निजल्यावर लिहिणाऱ्यांची बैठक मध्यरात्रीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते, त्यांनी ती वेळ पहाटेची ठेवावी.

स्क्रिव्हनरमध्ये सलग दिवसांची साखळी मोजण्याची, ती तुटली की इशारा देण्याची किंवा पदके वाटण्याची सोय नाही. अनेक परीक्षणांत ही उणीव म्हणून नोंदवली जाते; मला ती या सॉफ्टवेअरची जमेची बाजू वाटते. साखळी मोजणारी साधने पहिल्या काही आठवड्यांत उत्साह देतात हे मान्य आहे, पण साखळी जितकी लांब होते तितकी ती तुटण्याची भीती वाढते, आणि एकदा आकडा शून्यावर आला की अनेकजण कादंबरीच सोडून देतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास या बाबतीत फार दिलासा देणारा आहे. त्यांनी ९६ जणांना खाणे, पिणे किंवा व्यायाम यांतली एक नवी सवय रोज ठरलेल्या प्रसंगी बारा आठवडे पाळायला सांगितली. त्या नोंदींवरून गणिताने बांधलेल्या अंदाजानुसार सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत वेगवेगळा होता, मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि एखाद्या वेळी सवय चुकल्याने ती जडण्याच्या प्रक्रियेत म्हणावा असा फरक पडला नाही. कादंबरी लिहिणे हे पेलाभर पाणी पिण्यासारखे सोपे नाही, त्यामुळे ते आकडे लेखनाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी चुकलेल्या एका दिवसाला आपण जे वजन देतो तितके ते नसते, एवढे त्यातून निश्चित घेता येते. स्क्रिव्हनरमधली ‘रायटिंग हिस्टरी’ ही नोंद याच वृत्तीची आहे. कोणत्या दिवशी किती शब्द लिहिले हे ती शांतपणे नोंदवते, सरासरी काढून देते, आणि रिकाम्या दिवसांबद्दल काही बोलत नाही. काही महिन्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की आपले लेखन कोणत्या वारी होते, कोणत्या काळात हमखास थांबते हे कळते, आणि त्यानुसार लेखनाचे वार नव्याने निवडता येतात.

खंडानंतरच्या बैठकीत आणखी एक मोह होतो: जे लिहिले ते परके वाटते, कमअस्सल वाटते, आणि सगळे मोडून नव्याने लिहावेसे वाटते. कधी ती जाणीव खरी असते, पुष्कळदा तो केवळ दुराव्याचा परिणाम असतो, आणि त्या क्षणी यांतले कोणते खरे हे लेखकाला ओळखता येत नाही. अशा वेळी ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवावा. त्या प्रसंगाची आजची अवस्था तारखेसह जतन होते, मग हवी तशी मोडतोड करता येते, जुना आणि नवा पाठ ताडून पाहता येतो आणि वाटल्यास जुना परत आणता येतो. मी हे वैशिष्ट्य रोजच्या नेमाशी जोडते आहे, कारण जुने हरवणार नाही ही खात्री असली की माणूस त्याच्याभोवती घुटमळणे सोडून पुढे लिहू लागतो. मजकूर आपोआप जतन होत राहणे आणि प्रकल्प बंद करताना त्याची राखीव प्रत तयार होणे, या सोयीही मधेच उठून जावे लागणाऱ्यांसाठी अतिशय महत्त्वाच्या आहेत.

आता ज्या ठिकाणी हे सॉफ्टवेअर कसोटीला कमी पडते त्याकडे येते. सर्वांत मोठी उणीव म्हणजे अँड्रॉइड फोनसाठी स्क्रिव्हनर नाही. विस्कळीत दिवस असलेल्या लेखकाचे कितीतरी लेखन रांगेत, गाडीत, दवाखान्याच्या बाकावर होत असते आणि त्या वेळी हाती फोनच असतो. आयफोनवाल्यांची सोय आहे, पण तिथेही ड्रॉपबॉक्समार्फत प्रकल्प जुळवून घ्यावा लागतो, आणि एका उपकरणावर प्रकल्प बंद करून तो पूर्णपणे चढल्याची खात्री केल्याशिवाय दुसऱ्यावर उघडू नये हे पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. घाईत उठणाऱ्या माणसाकडून नेमकी हीच काळजी सुटण्याची शक्यता असते. अँड्रॉइडवाल्यांसाठी एक आडवाट आहे: ‘एक्स्टर्नल फोल्डर’शी जोडणी करून मसुद्यातले प्रसंग साध्या मजकुराच्या फाइलींच्या रूपात बाहेर ठेवता येतात, त्या फोनवरच्या कोणत्याही संपादकात बदलता येतात, आणि परतल्यावर ते बदल प्रकल्पात ओढून घेता येतात. ही वाट चालते, पण ती लावून घ्यायला निवांत संध्याकाळ हवी. त्याहून सोपे म्हणजे फोनवरच्या नोंदवहीत सुचेल ते लिहावे आणि पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला ते प्रकल्पात चिकटवावे; बैठकीची सुरुवात कोऱ्या पडद्याने होत नाही, हा त्याचा आणखी एक लाभ.

दुसरी अडचण आहे ती सोयींच्या विपुलतेची. रंगीत लेबले, स्थिती दाखवणारे शिक्के, पात्रांचे साचे, मांडणीचे असंख्य पर्याय यांत तास सहज निघून जातात आणि त्या तासांत कादंबरीचे एक वाक्यही वाढलेले नसते. मजकुरातून छपाईयोग्य फाइल तयार करणारा ‘कंपाइल’ हा विभाग तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. देवनागरीसाठी सुरुवातीलाच संपादकाचा मूळ फॉन्ट बदलून घ्यावा लागतो, आणि कंपाइलमध्येही फॉन्टची निवड पुन्हा तपासावी लागते. पडद्यावरच्या सूचना मराठीत नाहीत, म्हणून इंग्रजी संज्ञांशी ओळख नसलेल्यांना पहिले काही दिवस जड जातील. माझा सल्ला असा की पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत बाइंडर, सारांशाची कार्डे, मजकुरातली टिपणे, उद्दिष्टांची चौकट आणि स्नॅपशॉट यांपलीकडे काहीही उघडू नये.

लघुकथा लिहिणाऱ्यांना याची गरज आहे असे मला वाटत नाही. सात-आठ पानांची कथा एका नजरेत मावते, तिचा धागा खंडानंतरही एकदा वाचून परत मिळतो, आणि त्यासाठी वही किंवा कोणताही साधा संपादक पुरेसा आहे. दीर्घकथा, कादंबरी, किंवा अनेक वर्षे रेंगाळणारे मोठे काम हाती असेल, आणि आपल्या वेळापत्रकावर आपले पूर्ण नियंत्रण नसेल, तर मात्र स्क्रिव्हनर अवश्य वापरून पाहावे. ते महिन्याच्या वर्गणीवर चालत नाही, एकदाच विकत घ्यावे लागते; त्यामुळे न लिहिलेल्या महिन्याचेही पैसे जात आहेत ही टोचणी लागत नाही. मात्र मॅक, विंडोज आणि आयफोनसाठीचे परवाने वेगवेगळे असतात, हे घेण्यापूर्वी लक्षात असू द्यावे.

संगणकावरच्या मोफत चाचणीची रचनाही या परीक्षणाच्या विषयाला धरूनच आहे. तिचे तीस दिवस कॅलेंडरवरचे नसून प्रत्यक्ष वापराचे मोजले जातात. आठवड्यातून दोनदाच लिहायला जमले तर चाचणी पंधरा आठवडे चालते. तिचा खरा उपयोग करून घ्यायचा असेल तर चालू कादंबरीची दोन प्रकरणे प्रसंगवार तोडून त्यात घालावीत, कार्डे भरावीत, आठवडाभर नेमाने लिहावे, शेवटच्या बैठकीत पुढच्या वाक्यांचे टिपण ठेवावे आणि मग मुद्दाम आठवडाभर प्रकल्प उघडूच नये. आठव्या दिवशी तो उघडून पहिले नवे वाक्य लिहीपर्यंत किती वेळ गेला हे पाहावे, आणि नेहमीच्या पद्धतीत तो किती जातो याच्याशी ताडून मगच विकत घ्यायचे की नाही ते ठरवावे.